रात्री फोन कुणाला करायचा?

आमच्याकडे कुणी जरा विचित्र वागलं की एक वाक्य ठरलेलं असतं, ‘ह्याला रत्नागिरीला न्या रे कुणीतरी!’ रत्नागिरीला म्हणजे कलेक्टर कचेरीत नव्हे, हे लहान पोरालाही कळतं. तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं. आपल्या पणजीच्या काळापासून ते आहे, त्यामुळे आमच्या बोलण्यात पार मुरलंय. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या रांगेत, पाणवठ्यावर, सगळीकडे ही थट्टा चालते. पण ज्या घरातल्या माणसाला खरोखरच रत्नागिरीला न्यावं लागतं, त्या घरातली बाई ही थट्टा कधी करत नाही. तिला तो रस्ता माहीत असतो. आमचं मंडणगड जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर ओलांडत रत्नागिरी गाठायची. धडधाकट माणसाचं अंग आंबून जातं, तर तीन रात्री न झोपलेल्या, अंगावर धावून येणाऱ्या माणसाला घेऊन कसं जायचं?

तेही दिवसाउजेडी असेल तर ठीक. असली दुखणी बहुतेक वेळा रात्रीच उसळतात.

बचत गट आणि महिला दक्षता समितीच्या निमित्तानं मी गेली काही वर्षं गावोगाव फिरते. बायका दारूचं सांगतात, मारहाणीचं सांगतात, पोटगीचं विचारतात. त्या विषयांची सगळ्यांना थोडीफार माहिती झालीय. पण बैठक संपून चहा होतो, बाकीच्या उठतात आणि एखादी मागे रेंगाळते. पदराशी चाळा करत हळूच विचारते, ‘ताई, रात्री तो उठला, कोयता घेऊन खळ्यात गेला, तर फोन कुणाला करायचा?’ कधी तो नवरा असतो, कधी मुलगा, कधी दीर. कधी ‘ती’ असते, बाळंतपणानंतर बिघडलेली सून. प्रश्न मात्र एकच.

कोकणातल्याच एका तालुक्यातली हकिकत सांगते. तालुक्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण ती कुठेही घडू शकते. साठीच्या एक मावशी. मुलगा मुंबईत नोकरीला होता, ती सुटली आणि तो गावी आला. आधी एकटाच बसायचा, मग एकटाच बोलायला लागला. घरच्यांनी देवाला कौल लावला, अंगारा झाला, कुणाचं तरी काहीतरी लागलंय म्हणून नारळ ठेवून झाला. मग कुणीतरी शहाण्यानं डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा सुधारलाही. पण गोळ्या आणायच्या लांबून. पावसाळ्यात दोन महिने जाणं झालं नाही आणि आषाढातल्या एका रात्री त्यानं शेजाऱ्यांच्या कौलांवर दगड मारायला सुरुवात केली.

शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले. माणसं वाईट नव्हती, हे मावशीच सांगतात. पण त्यांना लागते तक्रार, आणि ती शेजाऱ्यांनी दिली. मुलगा गुन्हेगार झाला. त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथे सांगितलं, ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, पुढे न्या.’ ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, ‘पेशंट हिंसक आहे, पोलीस बरोबर हवेत.’ पोलीस म्हणाले, ‘पेशंट आहे, मग ॲम्ब्युलन्सनं न्यायचा, आम्ही कशाला?’ या टोलवाटोलवीत पहाट झाली. मुलगा रात्रभर चौकीतल्या बाकाला बेडीनं अडकवलेला आणि मावशी बाहेर पायरीवर, भिजलेल्या लुगड्यात. सकाळी मी पोचले तेव्हा जीप ठरवणं चाललं होतं आणि भाड्यासाठी मावशींनी गळ्यातली पोत काढून हातात धरली होती.

त्या रात्री वाईट माणूस कुणीच नव्हतं. जो तो म्हणत होता, हे माझं काम नाही. आपापल्या खुर्चीतून पाहिलं तर त्यांना ते खरंच वाटत असणार. मला राग येतो तो याचा, की हे काम कुणाचं ते कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८पासून लागू आहे. त्यातलं शंभरावं कलम बायकांनी पाठच करून ठेवावं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पोलिसांचा जुना फोन नंबरही शंभरच होता ना!

हे कलम सांगतं, की मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, भटकणारी व्यक्ती हद्दीत आढळली, किंवा आजारामुळे तिच्यापासून तिला स्वतःला वा इतरांना धोका असला, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदारांचं कर्तव्य आहे. संरक्षणात घेणं म्हणजे अटक नव्हे. तिला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. दवाखान्यात पोचल्यावर तपासणीची व्यवस्था करायची जबाबदारी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची. दाखल करण्याची गरज नाही असं ठरलं, तर घरी परत पोचवायचं कामही पोलिसांचंच. आणि ती व्यक्ती बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून तिची माणसं शोधायची, हेही त्यातच आलं.

यात एक मोठा बदल दडलाय, तो सहसा कुणी सांगत नाही. १९८७च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला पोलीस आधी न्यायाधीशांपुढे उभं करायचे आणि मग दवाखाना. म्हणजे आजारी माणूस पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढायचा. आता आधी डॉक्टर. न्यायाधीशांचा दरवाजा बंद झालेला नाही. घरात कोंडून ठेवलेल्या, उपाशी ठेवलेल्या, मारहाण होणाऱ्या आजारी माणसाची खबर पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यायची असते आणि ते अशा माणसाला तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात. असा छळ दिसला तर पोलिसांना कळवणं हे तुमचं-आमचंही कर्तव्य आहे. गोठ्यात साखळीनं बांधलेल्या माणसाजवळून आपण दूध घेऊन परततो ना, तेव्हा हे आठवावं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं जळून गेली. पळता आलं नाही. आज आपल्या कायद्यानं मनोरुग्णाला साखळी घालायला पूर्ण बंदी आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधलं, मारलं, तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होतो.

आता ‘आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत’ या उत्तराबद्दल. लहान गावांत मानसोपचारतज्ज्ञ कुठून असणार? हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्या रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्यानं आधीच नेमून ठेवलेलं आपलं माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची आणि रुग्णाला शांत करून पुढच्या दवाखान्यात पोचवायची सोय करायची. ॲम्ब्युलन्सच्या बाबतीतही शरीराच्या आणि मनाच्या आजारात फरक करायचा नाही, असं लिहिलंय. १०८ची गाडी हृदयविकाराला जशी येते तशी यालाही आली पाहिजे.

मग अडतं कुठे? मला वाटतं, घर एक आणि चुली चार, तिथे अडतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. पोलीस ठाणं पोलीस अधीक्षकांचं. कोर्ट उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली. गावातल्या रस्त्यावर, स्टँडवर कुणी भटकत असेल तर पहिल्यांदा नजरेस पडतं नगरपंचायतीच्या माणसाच्या. प्रत्येकाचा साहेब वेगळा, प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. एका चुलीवर भात, दुसरीवर आमटी, आणि पानात बसलेला उपाशी! या चुली एकत्र करा असं मी म्हणत नाही. निदान कोणत्या वेळी कुणी काय रांधायचं ते तरी ठरवा.

काही शहरी मंडळी म्हणतात, मानसिक आजारात पोलिसांना आणूच नका. ऐकायला छान वाटतं. पण घरटी एक माणूस मुंबईला, मागे म्हातारी आणि सून, वाडीला जाणारा रस्ता निम्मा कच्चा. रात्री दोन वाजता तिथे हमखास येऊ शकणारी गाडी पोलिसांची. तेव्हा पोलीस नकोत असं म्हणणं आम्हाला परवडणारं नाही. पोलीस हवेत, पण शिकलेले हवेत. अमेरिकेत मेम्फिस नावाचं शहर आहे. तिथे १९८७ साली सुरीनं स्वतःला इजा करणाऱ्या एका मानसिक आजारी तरुणासाठी मदत मागितली गेली, पोलीस आले आणि त्यांच्याच गोळ्यांनी तो मेला. शहर हादरलं. पुढच्या वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले. निवडक पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, आवाज न चढवता बोलायचं कसं, अंतर किती ठेवायचं, आजार ओळखायचा कसा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पोलिसांनी आणलेला रुग्ण दवाखान्यानं परत पाठवायचा नाही, लगेच ताब्यात घ्यायचा. ही पद्धत पुढे अनेक शहरांनी उचलली. यात पैशापेक्षा एकत्र बसण्याचा भाग मोठा आहे, म्हणून मला ती आपल्या तालुक्याला लागू पडेल असं वाटतं. चाळीस तास जमणार नसतील तर दोन दिवस द्या, पण द्या.

खास बायकांसाठी दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट नाजूक आहे. जिवाला कंटाळून एखादी बाई काहीतरी करून बसते आणि घरचे तिला दवाखान्यात न्यायला कचरतात. कारण काय, तर ‘पोलीस केस होईल.’ या भीतीत मोलाचा वेळ जातो. बायांनो, त्या बाईवर खटला चालवून शिक्षा करायचे दिवस गेले. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच २०१७चा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेणं, उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद. दवाखान्यात पोलीस जबाब घेतील, नोंद होईल, ती होऊ दे. तिच्यावर कुणी अत्याचार केला असेल तर तोही त्यातूनच बाहेर येईल. पण आधी दवाखाना. आणि वेळ अजून त्या थराला गेली नसेल, नुसतंच मन भरून येत असेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २४ तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ही सेवा सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केली.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. पोलीस आणि दवाखाना एकत्र आले की बाईच्या पोटात गोळाही येतो, आणि तो उगाच नाही. ‘वेडी आहे’ म्हणून बायकोला घालवून द्यायचं, जमिनीतला वाटा नाकारायचा, असले प्रकार आपण पाहिलेत. तुम्ही चारचौघींसारख्या वागत नाही, देवधर्म करत नाही, उलट उत्तरं देता, एवढ्यावरून कुणी तुम्हाला मनोरुग्ण ठरवू शकत नाही. पूर्वी कधी उपचार झाले होते, एवढंही पुरेसं नाही. बाईला तिच्या संमतीशिवाय दाखल करायचं असेल तर दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. आणि अशा दाखल्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. पुरुषाच्या बाबतीत सात दिवसांत, बाईच्या बाबतीत तीनच दिवसांत! कायदा लिहिणाऱ्याला आपल्या घरांची चांगलीच माहिती असावी.

नामनिर्देशित प्रतिनिधीचा उल्लेख वर आला. तो साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून नेमता येतो. उद्या मी आजारी पडले, मला निर्णय घेता आला नाही, तर माझ्या वतीनं कोण बोलणार, हे बरी असतानाच लिहून ठेवायचं. नवराच हवा असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. आमच्या एका बैठकीत हे सांगितल्यावर एक आजी पटकन म्हणाल्या, ‘मग मी माझ्या सुनेचं नाव घालते, लेकाचं नको.’ हशा पिकला, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंडणगडात १२ ऑक्टोबर २०२५ला न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई त्यासाठी आले होते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचा ऊर भरून आला होता. कोर्ट दारात आलं ही साधी गोष्ट नाही. न्यायालयाशी जोडलेली विधी सेवा समिती बायकांना आणि मानसिक आजार असलेल्यांना मोफत वकील देते, आणि असा हक्क आहे हे त्या माणसाला सांगणं पोलिसांवरही बंधनकारक आहे. तेव्हा कोर्ट आहे, पोलीस ठाणं आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, नगरपंचायत आहे. नसलाच तर एक कागद नाहीये.

तो कागद तहसीलदारांनी पुढाकार घेऊन करावा असं माझं म्हणणं आहे. पोलीस निरीक्षक, ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, नगरपंचायतीचे मुख्याधिकारी आणि विधी सेवा समिती, एवढी माणसं एका दुपारी बसली तरी होईल. पण त्यांच्याबरोबर चार पोलीस पाटील आणि चार आशाताई हव्यातच, कारण कुठल्या घरात कोण आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. रात्री ११२ला फोन आला की कोणती गाडी निघेल, रुग्ण बाई असेल तर महिला पोलीस कुठून येतील, रुग्णालयातली कोणती खोली रिकामी ठेवायची, फोनवर सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ कोण, रत्नागिरीला न्यावंच लागलं तर डिझेलचे पैसे कोण देणार. सगळं एका पानात मावतं. मावशींनी पोत हातात धरलेली मी पाहिलीय, म्हणून डिझेलचं मुद्दाम लिहिते.

आणि सगळ्यांनाच रत्नागिरीला न्यायचंही नसतं. त्या रुग्णालयात खाटा ३६५, आणि सगळ्या वर्षानुवर्षं राहण्यासाठी नाहीत. राज्यातल्या मनोरुग्णालयांत बऱ्या झालेल्या बायका केवळ घरचे नेत नाहीत म्हणून दहा-दहा वर्षं पडून राहिल्या, मुंबई उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. दुसऱ्या बाजूला कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या हजारो मनोरुग्णांना बरं करून पार परराज्यांतल्या घरी पोचवते. त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्ण बायकांना घर दिलंय. ही मोठी माणसं आहेत, पण प्रत्येक तालुक्यात वाटवानी कुठून आणायचे? आपल्याला हवंय ते साधं. महिन्याच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळाव्यात. त्या मुलाच्या गोळ्या पावसाळ्यात तुटल्या नसत्या तर कौलं फुटली नसती, तक्रार झाली नसती, बेडीही नाही. पोलीस, कोर्ट, ॲम्ब्युलन्स हे सगळं त्या दोन महिन्यांच्या गोळ्यांमागून आलं.

आमच्या गटातल्या बायकांनी असा अर्ज तयार केलाय. सह्या गोळा करणं चालू आहे. मी आधी म्हटलं होतं, दिवाळीनंतर निवांत देऊ. पण बायका ऐकेनात. त्यांचं म्हणणं, बैठक गणपतीआधी व्हायला हवी. गणपतीत घरं भरलेली असतात, मुंबईची माणसं असतात, दहा हात मदतीला असतात. गौरी-गणपती बोळवून चाकरमानी परत गेले की घरात पुन्हा म्हातारी, सून आणि तो. तेव्हा कुणाला फोन करायचा ते त्यांना आधी माहीत असायला हवंय.